रिकामी खेप

कॉम्प्युटरवर फाईल दाबून लहान करायला एकाऐवजी आठ धागे लावले तर काम खरंच लवकर होतं का, असं मला अजून लोक विचारतात. कळंबला माझा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे, आणि आसपासच्या स्टुडिओवाल्यांमध्ये कॉम्प्युटरचं जरा मलाच कळतं अशी त्यांची समजूत आहे. पूर्वी मी लगेच हो म्हणायचो आणि वर दहा मिनिटं भाषण द्यायचो. आता उलट विचारतो, "माल कुठनं उचलायचाय?" विचारणारा माझ्याकडं बघतो, ह्याचं काहीतरी बिनसलंय असं त्याच्या तोंडावर दिसतं. बिनसलंच होतं, दोन वर्षांमागं. ते सांगतो.

एका लग्नाचे फोटो, व्हिडिओ, आवाज मिळून एवढा पसारा होतो की डिस्कवर जागा पुरत नाही. म्हणून झालेलं काम दाबायचं, एका गठ्ठ्यात बांधायचं आणि बाजूला टाकायचं. आम्ही त्याला झिप मारणं म्हणतो. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर एक लग्न झिप मारायला लावलं की माणूस जेवून, डुलकी काढून, तोंड धुऊन यायचा, तरी ते चालूच. मग मी नवा कॉम्प्युटर घेतला. ह्याच्या पोटात एकाच्या जागी आठ डोकी होती. झिप मारायच्या प्रोग्रॅममध्ये एक चौकोन असतो, किती धागे लावू म्हणून विचारतो. एक धागा म्हणजे एक कामकरी, असं समजा. मी त्यात आठ लिहिलं आणि बटण दाबलं. बायको चहा टाकून, गाळून घेऊन येईस्तोवर गठ्ठा बांधून तयार. मी तिला तो दोनदा दाखवला.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तिला चटकन भुलायची सवय नाही. ती म्हणाली, "आठ जणी भाकरी थापायला बसवल्या आणि तवा एकच असला तर?"

"तुला ह्यातलं कळत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी लग्नाला बावीस वर्षं झाली तरी वापरतो आणि दर वेळी तोंडावर पडतो.

आणखी एक खोड सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं घडलं. माझा बाप शेतकरी होता आणि त्याचा एक नियम होता. शेतातनं येताना रिकाम्या हातानं यायचं नाही. कडब्याची पेंढी आणा, चार काटक्या आणा, काहीच नसलं तर बांधावरची मूठभर घोळाची भाजी आणा, पण हात हलवत घरी येऊ नका. "रिकामी खेप म्हंजे पाप," म्हणायचा. आमच्याकडं सगळे असेच. तालुक्याला दवाखान्यात गेलेला माणूससुद्धा येताना शेजाऱ्याच्या पंपाचा पार्ट घेऊन येतो. माझ्याही अंगात ते भिनलेलं आहे. नुसती फाईल इथून उचलून तिथं ठेवायची, हे मला रिकाम्या खेपेसारखं वाटायचं. उचलतोच आहे तर जाता जाता दाबून टाकू, एका खेपेत दोन कामं, असा माझा हिशोब.

तर त्या दिवसांत एकदा दुपारी बेंबळीचे काका स्टुडिओत आले.

काका नात्यातले नाहीत. कळंबला यायच्या आधी दहा-बारा वर्षं माझा स्टुडिओ बेंबळीत होता, तिथली ही ओळख. बायकोची बदली झाली तसे आम्ही इकडं आलो. बेंबळीत आणि आसपासच्या गावांत कुणाचंही लग्न असो, माईक काकांच्या हातात असायचा. पाहुण्यांचं स्वागत, आहेर पुकारणं, हरवलेलं पोर कुणाचं आहे, पहिली पंगत कधी बसणार, सगळं तेच सांगणार. त्याबद्दल कधी काही घेतलं नाही. टॉवेल-टोपीचा आहेर तेवढा घ्यायचे, तोही दोनदा नको म्हणून. आवाज काही फार मोठा नव्हता. पण त्यांनी बोलायला सुरुवात केली की वाढप्याच्या हातातली बुंदीची बादलीसुद्धा थांबायची.

त्यांचं एक वाक्य आख्ख्या पंचक्रोशीला पाठ होतं. मुहूर्त जवळ आला, नवरदेव पाटावर उभा राहिला, की नवरीला तिच्या मामानं मांडवात आणायचं असतं. बाकीच्या लग्नांत त्या वेळी नुसता आरडाओरडा असतो, लवकर आणा, वेळ झाली, कुठं अडलं. काका शांतपणे म्हणायचे, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन मांडवात या. सावकाश या, घाई न्हाय." भटजी त्यांना मनगटावरचं घड्याळ दाखवायचे. काका तिकडं बघायचेच नाहीत.

त्या दुपारी ते आले तेव्हा उन्हाळा असूनही गळ्याला पांढरा रुमाल होता. मी आपला नेहमीसारखा सुरू झालो. या काका, किती दिवसांनी, दोन-दोन बसा बदलून आलात, एक फोन तरी करायचा. त्यांनी पिशवीतनं शाळेच्या पोरांची असते तशी एक वही काढली, मांडीवर ठेवली आणि लिहिलं. घशात गाठ झाली होती. सोलापूरला ऑपरेशन झालं. आवाजाची पेटी काढली. दीड वर्ष झालं.

मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

त्यांनी पान उलटलं. पुढचं घरूनच लिहून आणलं होतं. अक्षर मोठं, रेघ सोडून. "नातीचं लग्न आहे. ह्या रविवारी नाही, पुढच्या. सगळ्या गावच्या पोरी म्या मांडवात बोलावल्या. हिला कोण बोलवणार? तुमच्याकडं माझा आवाज असेल. एकच वाक्य पाहिजे."

आधी त्यांनी गावातल्या पाच-सहा घरच्या लग्नाच्या सीड्या लावून बघितल्या होत्या. सगळ्यांत सनई नाहीतर सिनेमाची गाणी. ही करणी आमचीच. आम्ही व्हिडिओवाले लग्नाचा मूळ आवाज पुसतो आणि वर गाणी चढवतो, कारण लोकांना तेच आवडतं. निदान आम्हाला तसं वाटतं. कुणाची आजी हळद लावताना काय म्हणाली, बाप जाताना काय बोलला, सगळं त्या गाण्यांखाली गाडलेलं असतं. मी स्वतः शेकड्यानं गाडलेलं आहे.

पण माझी एक सवय होती. माईकच्या मशीनला मी एक छोटा रेकॉर्डर जोडून ठेवायचो आणि तो कच्चा आवाज एका जुन्या हार्डडिस्कवर टाकून द्यायचो. शिवाय आमच्याकडं रीतच आहे, लोक अल्बम घेऊन जातात आणि मूळ माल स्टुडिओवाल्यापाशीच सोडतात. राहू द्या तुमच्याकडंच, कुठं जातंय, म्हणतात. आम्ही पावती देत नाही, ते मागत नाहीत. बेंबळीच्या दोन-अडीचशे लग्नांचा आवाज असा माझ्या माळ्यावर फरसाणाच्या डब्यात पडून होता.

"आहे काका," मी छाती पुढं काढून सांगितलं. "एक सोडून दहा वाक्यं देतो. निवांत जा तुम्ही."

त्यांना बसमध्ये बसवून आलो आणि डबा खाली काढला. डिस्क लावली. आत टिक, टिक, असा बारीक आवाज येत होता, पण चालू झाली. ह्या जुन्या डिस्कमध्ये एक तबकडी फिरत असते आणि तिच्यावर एकच बारीक हात पुढंमागं होत वाचत असतो. मी पहिलं फोल्डर उघडलं, कानाला हेडफोन लावला, आणि थोडं पुढं सरकवल्यावर ते आलं. मुलीचे मामा, मुलीला घेऊन मांडवात या. मागं बँड एवढा जोरात होता की शब्द जेमतेम कळत होते, पण काकाच होते ते.

त्याच घडीला ती एक फाईल उचलून घेतली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. नाही घेतली. मी म्हणालो, बँडवाली कशाला द्यायची, अडीचशे लग्नं आहेत, सगळी उतरवून घेऊ आणि मग चाळून चाळून सगळ्यात चांगली निवडू. नव्या डिस्कवर एवढी जागा नव्हती. मग उचलता उचलता दाबायची ठरवली. आणि आठ डोक्यांचा कॉम्प्युटर असताना एक एक फोल्डर कशाला, म्हणून आठ फोल्डरं एकदम लावली. आठ पट्ट्या पडद्यावर हिरव्या हिरव्या पुढं सरकू लागल्या. मी खुर्चीत मागं रेलून बघत होतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल म्हणजे मीच.

थोड्या वेळानं पट्ट्या मंदावल्या. टिकटिकीची टकटक झाली. आठ जण आठ ठिकाणचं मागत होते आणि तो आतला एकटा हात तबकडीभर सैरावैरा पळत होता. हे आज कळतं. तेव्हा मला वाटलं, गडी जोमात आहे. टकटकीचं खरडणं झालं, मग ते खरडणं थांबलं. पडद्यावर आलं, डिस्क सापडत नाही. आठ गठ्ठे अर्धवट बांधलेले, त्यातला एकही उघडेना. अर्धवट झिपचा काही उपयोग नसतो, आत काय आहे ह्याची यादी ती शेवटी लिहिते. दुपारी मी कानानं ऐकलेलं पहिलं लग्नसुद्धा त्यातच गेलं.

बायको शाळेतनं आली तेव्हा मी तसाच बसलो होतो. तिला सगळं सांगितलं. पन्नाशीच्या माणसानं डिस्कसाठी रडावं हे बरं दिसत नाही, पण मी रडलो. एका माणसाचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, तो माझ्या हातात होता, आणि मी माझी हुशारी मिरवायला गेलो. तिनं बाकी काही ऐकवलं नाही. एवढंच म्हणाली, "एक ना धड भाराभर चिंध्या. जा, त्यांना सांगून या."

"फोन करतो."

"कुणाला करता फोन? त्यांना बोलता येतं का?"

हे माझ्या डोक्यातनंच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी धाराशिवला बस बदलून बेंबळीला गेलो. लग्नघर होतं. ओसरीवर बायका शेवया करत होत्या, काका खुर्चीवर बसून पत्रिकांवर नावं घालत होते. मला बघून त्यांच्या तोंडावर एवढा आनंद दिसला की उलट्या पावली फिरावंसं वाटलं. त्यांनी शेजारचा पितळी तांब्या अंगठीनं वाजवला, टण टण. काकू आतनं पाणी घेऊन आल्या.

"आता असं बोलिवत्यात," त्या मला म्हणाल्या. "आधी फाटकापासनं हाक यायची, अगं ए, ऐकलं का. म्या चुलीपासनं ओ द्यायची. आता तांब्या वाजिवत्यात. म्या येते, पण ओ देत न्हाय. तांब्याला काय ओ द्यायची?"

काका नुसते हसले. हसण्याचाही आवाज नव्हता.

मी सगळं सांगून टाकलं. डिस्क, आठ फोल्डरं एकदम, खरडणं, सगळं. काहीही लपवलं नाही, नशिबावर ढकललं नाही. काकांनी पेनाला टोपण लावलं. मग टोपण काढून लिहिलं, "तुम्ही ऐकला का?"

"ऐकला," मी म्हणालो. "थोडा."

"कसा होता?"

काय सांगणार? शेवटी म्हणालो, "तसाच होता काका. सावकाश."

काकूंना वाचता येत नाही. "काय म्हणत्यात?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं की आवाज कसा होता विचारतात. "म्हंजे तुम्ही ऐकलाव," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मला कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काका मात्र परत लिहायला लागले होते. त्यांनी वही माझ्यासमोर धरली. "स्टेजवर सगळे पाहुणे फोटोला या म्हणलं की कुणीच येत न्हाय. एकाचं नाव घेतलं की तो येतो. तुमच्या डिस्कला एकालाच बोलवा."

तीस-पस्तीस वर्षांच्या माईकमधनं आलेलं शहाणपण होतं ते. मी मान हलवली, पण मनात म्हणालो, मेलेल्याला कोण बोलवणार?

रविवारी सकाळी डिस्क पुन्हा लावली. तीन दिवस ती गार पडून होती. बायको माझ्या आणि कॉम्प्युटरच्या मध्ये स्टूल टाकून बसली, म्हणाली, "एकच. आणि दाबायचं नाही." टिक, टिक. मग बराच वेळ काही नाही. मग फोल्डरं दिसली, त्या दिवशी ऐकलेलं पहिलं मात्र त्यांत नव्हतं.

मी एकच फाईल निवडली. झिप नाही, धागे नाहीत, नुसती इथून उचलायची आणि तिथं ठेवायची. अडली तर जेवढी आली तेवढी टाकून न देणारा एक साधा प्रोग्रॅम लावला. ती पट्टी एवढ्या हळू सरकत होती की माझे हात शिवशिवायला लागले. एका खेपेत एकच पेंढी, तीही न बांधता. बाप असता तर म्हणाला असता, पोरगं आळशी निघालं. फाईल आली. ऐकली. नेमक्या त्या वाक्यावर माईकनं शिट्टी मारली होती. डिस्क बंद करून गार होऊ दिली, तेवढ्यात आम्ही जेवून घेतलं. दुसरी आणली. तिच्यात काका नव्हतेच, ते लांबच्या गावचं लग्न, कुणी दुसराच माईकवर होता आणि तो लवकर, लवकर, असं ओरडत होता. पुन्हा गार केली.

तिसरी फाईल अर्ध्याच्या जरा पुढं गेली आणि आतनं एक कट्ट आवाज आला. त्यानंतर ती डिस्क कधीच चालू झाली नाही. तिच्यातली बाकीची सगळी लग्नं गेली. पण साधी उचललेली फाईल अर्धी राहिली तरी अर्धी वाजते. आम्ही दोघांनी एकेक हेडफोन कानात घातला. पाहुण्यांचं स्वागत झालं, आहेर झाले, बँडवाला कुठंतरी पाणी प्यायला गेला असावा, कारण मागं सगळं शांत झालं. मग काका म्हणाले, अगदी आपल्या शेजारी बसून म्हणावं तसे, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन मांडवात या. सावकाश या, घाई न्हाय." मग माईक जरा लांब धरून, दुसऱ्याच आवाजात, "अगं ए, ऐकलं का."

तिथं फाईल संपली.

काकू त्या लग्नाला असणार आणि काकांना त्यांच्याकडनं काहीतरी हवं असणार. पाणी, सुपारी, काय ते आता कुणालाच कळणार नाही. मी कर्सर तिथं नेला. शेपूट कापायचं, ही आमच्या धंद्याची सवय.

"ते का कापताय?" बायकोनं विचारलं.

"ते लग्नाचं नाही. चुकून आलंय."

"राहू द्या," ती म्हणाली. "ते त्यांच्या घरचं आहे."

मी बेंबळीला मेसेज टाकला, मिळालं, उद्या घेऊन येतो. काकांचा लगेच उलट मेसेज आला. आणू नका. मांडवातच ऐकतो. तुमच्या काकूला सांगू नका, पुन्हा काही झालं तर तिला दोनदा लागेल.

लग्नाला आठवडा होता. त्या दिवसांत मी जे आधी करायला पाहिजे होतं ते केलं, घड्याळ लावून एकेक गोष्ट पडताळून बघितली. नव्या डिस्कवरची मोठी फाईल एका धाग्यानं दाबली, मग दोन, चार, आठ. एकाचे दोन केले की वेळ निम्म्यावर येतो. दोनाचे चार केले तरी बराच वाचतो. चाराच्या आठाला मात्र थोडंच पदरात पडतं, आणि गठ्ठाही किंचित मोठा होतो, कारण प्रत्येक धागा आपापल्या तुकड्यापुरतंच बघतो. फोटो आणि व्हिडिओ तर आधीच दाबलेले असतात, त्यांना एक लावा नाहीतर आठ लावा, पिळलेलं फडकं पुन्हा पिळल्यासारखं, थेंबसुद्धा निघत नाही. आणि फिरत्या तबकडीच्या डिस्कवरनं आठ फोल्डरं एकदम उचलली तर एकेक करून उचलण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. दुसरी एक धडधाकट जुनी डिस्क घेऊन मी हे तीनदा करून बघितलं. म्हणजे पहिल्या दिवशी मी जे बघितलं ते खोटं नव्हतं. ते त्या डिस्कपुरतं, त्या मालापुरतं खरं होतं. मी ते सगळ्या जगाला लावलं. माझ्यासारख्या माणसाला एकदा यश आलं की फार महागात पडतं. हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "तवा."

लग्न काकांच्या दारातच होतं. मी कॅमेरा दुसऱ्याकडं दिला आणि लॅपटॉप घेऊन माईकच्या मशीनपाशी बसलो. लॅपटॉपवर ती एकच फाईल ठेवली होती, पेनड्राइव्हवर तीच, मोबाईलवर तीच. बायको मागच्या खुर्चीवर. सूत्रं काकांच्या पुतण्याकडं होती. आहेर संपले, नवरदेव पाटावर आला, भटजींनी घड्याळ बघितलं. पुतण्यानं माईक काकांच्या हातात दिला आणि बाजूला झाला. मांडवात कुजबुज झाली. सगळ्यांना माहीत होतं की ह्या माणसाला बोलता येत नाही, मग माईक कशाला.

काकांनी माईक जुन्या सवयीनं तोंडाजवळ धरला. बँडवाल्यांना हातानं थांबवलं. मग माझ्याकडं बघून डोळे मिटून उघडले.

मी बटण दाबलं.

"मुलीचे मामा, मुलीला घेऊन मांडवात या. सावकाश या, घाई न्हाय."

वाढप्यांचे हात थांबले. माना वळल्या. एक म्हातारा डोक्यावरची टोपी काढून हातात घेऊन उभा राहिला. काकांचे ओठ मिटलेलेच होते, आणि आवाज त्यांच्या डोक्यावरच्या कर्ण्यातनं गावभर गेला. घराच्या दारात नवरीचे मामा तिला घेऊन आले होते. ती पोरगी उंबऱ्यातच थबकली. माझ्या डोळ्यांना नीट दिसेना, शेपूट यायचं आहे हे मी विसरूनच गेलो होतो.

"अगं ए, ऐकलं का."

आतनं, नवरीच्या मागच्या खोलीतनं, खणखणीत आवाज आला, "ओ. आले."

काकू पदराला हात पुसत, माणसांना बाजूला सारत लगबगीनं बाहेर आल्या. मांडवाच्या मधोमध आल्यावर त्यांना समोर हातात माईक घेतलेले काका दिसले, वर कर्णा दिसला, आणि त्या उभ्या राहिल्या. मग त्या पुढं आल्या, अगदी काकांच्या जवळ, आणि हळू विचारलं, "काय म्हणत हुताव?"

पुढचं माझ्याकडं नव्हतं. कुणाकडंच नव्हतं.

काकांनी खिशातलं पेन काढलं, वहीला हात घातला, आणि काकूंना वाचता येत नाही हे आठवल्यासारखे थांबले. पेन परत ठेवलं. भटजी मुहूर्त, मुहूर्त म्हणत होते. काकांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि काकूंना तिच्यावर बसवलं.